मासा गळाला का लागत नाही? समुद्रकाठच्या गळाचा इतिहास (थ्रेड)

१.
अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेनपासून न्यू जर्सीपर्यंत, शरद ऋतूतील रात्री लाटांत कमरेपर्यंत उभी असलेली माणसे दिसतात. हातात दहा-अकरा फुटांची काठी आणि दोरीच्या टोकाला लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा बनावट मासा. त्यांना हवा असतो ‘स्ट्राइप्ड बास’, अंगावर काळे पट्टे असलेला रुपेरी मासा. काठीला धक्का जाणवतो, दोरी क्षणभर ताणते आणि पुन्हा सैल पडते. मासा आला, त्याने तोंड लावले आणि तो निघून गेला. मासा गळाला का लागला नाही? या साध्या प्रश्नामागे किमान २३,००० वर्षांचा इतिहास आहे.

२.
हा प्रश्न सर्वाधिक छळतो तो ‘टीझर’ वापरणाऱ्यांना. टीझरची मांडणी अशी: मुख्य दोरीच्या टोकाला जड आमिष, म्हणजे ‘प्लग’. त्याच्या साधारण दीड-दोन फूट आधी दोरीला एक आखूड फाटा काढायचा आणि त्या फाट्यावर पिसांचे किंवा रबराचे बोटभर आमिष बांधायचे. हे छोटे आमिष म्हणजे टीझर. पाण्यात ओढताना एक मोठा मासा एका छोट्या माशाचा पाठलाग करीत आहे, असा देखावा तयार होतो. तिसऱ्याने झडप घालावी, हा त्यामागचा हेतू. शिवाय टीझर इतका हलका असतो की एकटा लाटांपलीकडे फेकता येत नाही. प्लगचे वजन त्याला तिथवर घेऊन जाते.

३.
बास टीझरवर येतो, परंतु पुष्कळदा सुटतो. कारण त्याच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. असे शिकारी मासे भक्ष्याला कुत्र्यासारखे चावत नाहीत. ते तोंड आणि कल्ले एकदम फाकवतात; त्यासरशी पाणी आत खेचले जाते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. टीझर मात्र मोकळा नसतो. एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला प्लग यांनी ताणलेल्या दोरीला तो बांधलेला असतो. त्यामुळे तो ओठांशीच अडतो किंवा अर्धवट आत जातो. माशाला संशय येताच तो पाणी बाहेर टाकतो आणि आमिषही. ताण आणि ढील यांचा हा पेच माणसाने पुन्हा पुन्हा सोडवलेला दिसतो.

४.
सर्वांत जुने उत्तर गळाचे नव्हतेच. हाडाची किंवा लाकडाची सरळ काडी, दोन्ही टोकांना धार आणि मधोमध दोरी. मासा ती आमिषासह गिळे; दोरी ओढली की काडी घशात आडवी होई. वाकवलेला गळ ही त्यापुढची पायरी. जपानच्या ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत समुद्री गोगलगायीच्या शंखापासून घडवलेले गळ सापडले आहेत. त्यांचा काळ सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. पूर्व तिमोरमधील जेरिमलाई येथेही शिंपल्याचा अतिप्राचीन गळ मिळाला आहे. शेती आणि मृद्भांडी यांच्या कितीतरी आधी माणूस गळाच्या वळणाचा विचार करीत होता.

५.
या वळणाच्या पुढे दोन परंपरा दिसतात. एकीत दांडी सरळ आणि टोक तिला समांतर. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा आकार. दुसरीत गळ जवळजवळ गोल आणि टोक आत, दांडीकडे वळलेले. पॅसिफिक महासागराच्या बेटांवर आणि कॅलिफोर्नियाच्या चुमाश लोकांत हा गोल गळ शिंपल्यापासून किंवा हाडापासून बनत असे. ‘जे’ला सरावलेल्या डोळ्यांना तो निरुपयोगी वाटतो, कारण टोक माशाकडे नाहीच! त्याची युक्ती निराळी आहे. मासा आमिष घेऊन वळला की गळ घसरत तोंडाच्या कोपऱ्यात येतो, तिथे फिरतो आणि जबड्याला अडकतो. झटका द्यावा लागत नाही. मासा स्वतःच्याच ओढीने अडकतो. हा गोल गळ लक्षात ठेवावा, थ्रेडच्या शेवटी तो परत येणार आहे.

६.
धातू आला तसा ‘जे’ आकार प्रबळ झाला. तांब्याची किंवा कांस्याची तार वाकवणे सोपे, टोकाला धार लावणे सोपे. पुढे त्या टोकाजवळ उलटा काटा आला. त्याचे काम एकच: आत शिरलेले टोक सहज बाहेर येऊ न देणे. परंतु त्याची किंमतही होती. काटा जेवढा मोठा, तेवढी गळ रुतायला जास्त ताकद लागते. म्हणजे मासा निसटू नये म्हणून केलेली सोय मासा लागण्याच्याच आड येऊ शकते. ही देवघेव आजही प्रत्येक गळात आहे.

७.
पोटासाठी मासे धरणे आणि करमणुकीसाठी गळ टाकणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारची एक फार जुनी लेखी नोंद आपल्या दख्खनची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (इ.स. ११३० च्या सुमारास) राजाच्या विनोदांमध्ये ‘मत्स्यविनोद’ हा स्वतंत्र विषय आहे. माशांचे प्रकार, त्यांना चारा घालून एका जागी आणण्याची रीत, काठी, दोरी, गळ आणि आमिष यांचा तिथे विचार केला आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ जुन्या मराठी गीताच्या उल्लेखामुळे ठाऊक असतो. गळाच्या इतिहासातही त्याचे स्थान आहे.

८.
युरोपात अशाच प्रकारचे गाजलेले लेखन इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापले. परंपरेने ते डेम ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर आहे. घोड्याच्या केसांची दोरी कशी वळावी, शिवणाच्या सुया तापवून गळ कसे वाकवावेत, हे त्यात सांगितले आहे आणि गळ घडवणे हाच या कलेतला सर्वांत कठीण भाग असल्याचे म्हटले आहे. त्यातच बारा कृत्रिम माश्यांचे वर्णन येते. माश्या म्हणजे लोकर, रेशीम आणि पिसे गळाला बांधून केलेले बनावट कीटक. टीझरचे हे पूर्वज.

९.
या बनावट कीटकांपासूनच दोरीला फाटा काढण्याची रीत आली. ब्रिटनमधील नद्यांवर एकाच दोरीला थोड्या थोड्या अंतरावर अनेक कृत्रिम माश्या बांधीत. शेवटची टोकाला आणि बाकीच्या आखूड फाट्यांवर. या फाट्याला ‘ड्रॉपर’ म्हणतात. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट याचे १८५७ साली आलेले ‘द प्रॅक्टिकल अँगलर’ हे पुस्तक या परंपरेतले महत्त्वाचे. टोकाच्या माशीच्या जागी जड प्लग आणि नदीच्या जागी समुद्राच्या लाटा ठेवल्या, की आजची टीझरची मांडणी तयार होते. गाठ जुनीच, पाणी नवे.

१०.
गळ घडवणे कठीण होते तोवर गळ मोलाचा होता. इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुया बनवण्यासाठी प्रसिद्ध. तिथल्याच कारागिरीतून गळांचा धंदा उभा राहिला. सुई आणि गळ यांचे नाते १४९६ च्या पुस्तकातही होतेच. पुढे नॉर्वेतील मुस्टाद या १८३२ साली स्थापन झालेल्या कारखान्याने १८७७ च्या सुमारास यंत्रावर गळ काढण्यास सुरुवात केली. गळ स्वस्त झाला, सारखा झाला आणि जगभर पोहोचला. आता प्रश्न गळ मिळण्याचा नव्हता. कोणत्या माशासाठी कोणता, हा होता.

११.
आता अटलांटिकपलीकडे जाऊ. न्यू इंग्लंडमध्ये इंग्रज वसाहतकार आले तेव्हा स्ट्राइप्ड बास इतका विपुल होता की तो शेतात खत म्हणून वापरला जाई. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने बास आणि कॉड यांचा खतासाठी वापर करण्यास बंदी घातली. १६७० साली प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या मासेमारीचे उत्पन्न शाळेसाठी राखून ठेवले. एका माशाने शाळा चालवली आणि त्याच माशासाठी कायदाही झाला. विपुलतेच्या काळातच मर्यादेची जाणीव झाली होती, हे विसरता कामा नये.

१२.
यादवी युद्ध चालू असतानाच, १८६४ साली, मॅसॅच्युसेट्सच्या कटीहंक बेटावर न्यूयॉर्कच्या धनिकांनी मासेमारीचा क्लब काढला. खडकांपासून थेट लाटांवर जाणारे लाकडी मचाण बांधले. कोणाला कोणते मचाण मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरे. सदस्याच्या शेजारी पगारी ‘चमर’ उभा असे. तो आमिष कापून पाण्यात टाकी, गळाला आमिष लावी, लागलेला मासा बाहेर काढण्यास मदत करी. झिंग्याच्या जातीचा लॉबस्टरही आमिष म्हणून वापरला जाई. मासा लागण्याचे प्रमाण वाढवण्याचा हा त्या काळचा उपाय: जागा विकत घ्या, चारा ओता आणि कष्ट दुसऱ्याकडून करवून घ्या.

१३.
एकोणिसावे शतक सरताना बास कमी होत गेला आणि पैशाने विकत घेतलेल्या जागाही ओस पडू लागल्या. खरे सामाजिक परिवर्तन दुसऱ्या महायुद्धानंतर घडले. १९३८ साली जाहीर झालेल्या नायलॉनची एकसंध दोरी स्वस्त झाली. बांबूच्या जागी फायबरग्लासची काठी आली. युरोपातून आलेल्या स्पिनिंग रिळामुळे दूर फेकण्याचे कौशल्य काही दिवसांत शिकता येऊ लागले. पूर्वीच्या रिळावर अंगठ्याने वेग आवरावा लागे आणि जरा चुकले की दोरीचा गुंता होई. मचाण नको, चमर नको. कारखान्यातला कामगारही आठवड्याच्या सुट्टीत बास धरू लागला.

१४.
याच काळात मॅसॅच्युसेट्सच्या बॉब पाँड याने ‘अ‍ॅटम’ नावाचे लाकडी प्लग बनवून विकायला सुरुवात केली आणि ते किनाऱ्यावर गाजले. मोठ्या प्लगवर मोठा बास येई. परंतु शरद ऋतूत बास दक्षिणेकडे परत जाताना पुष्कळदा बोटाएवढ्या बारीक माशांवर ताव मारीत असतो. वाळूत शिरणारी सँड ईल, रुपेरी सिल्व्हरसाइड. अशा वेळी हातभर प्लगकडे तो ढुंकूनही पाहत नाही. मग छोटे आमिष त्याच्यापर्यंत पोहोचवायचे कसे? इथे नद्यांवरचा जुना ड्रॉपर कामी आला.

१५.
त्या फाट्यावर काय बांधावे, याची उत्तरे दोन किनाऱ्यांवरून आली. अमेरिकेत लेफ्टी क्रे याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातील बाससाठी ‘डिसीव्हर’ ही पिसांची लांबट माशी तयार केली. १९९१ साली ती अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आली. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून ‘रेड गिल’ ही शेपटी हलवणारी रबरी सँड ईल आली. दोन्ही मूळची टीझर म्हणून बनलेली नव्हती. न्यू इंग्लंडच्या किनारी मच्छीमारांनी त्यांना प्लगच्या पुढे बांधले आणि ती तिथे रुजली.

१६.
आता मूळ प्रश्नाकडे वळू. मासा टीझरला का लागत नाही, याची कारणे या इतिहासात विखुरलेली आहेत. पहिले कारण दोरी. नायलॉन ताणले जाते. पन्नास मीटरवर मासा लागतो तेव्हा काठीच्या झटक्याची पुष्कळशी ताकद दोरी लांबण्यातच विरते. म्हणून टीझरचा गळ बारीक तारेचा आणि अतिशय तीक्ष्ण हवा; टोक जितके सूक्ष्म, तितका कमी जोर पुरतो. १९८० च्या दशकात जपानी कारखान्यांनी रासायनिक पद्धतीने टोक काढलेले गळ बाजारात आणले, त्यांचे महत्त्व इथे आहे. साधी परीक्षा नखावरची: टोक नखावर घसरले तर गळ बोथट, रुतले तर कामाचा.

१७.
दुसरे कारण फाट्याची लांबी. फाटा लांब ठेवला तर टीझर माशाच्या तोंडात सहज खेचला जातो. परंतु फेकताना तोच फाटा मुख्य दोरीभोवती गुंडाळतो, आणि गुंडाळलेल्या टीझरला मासा लागत नाही. फाटा फार आखूड ठेवला तर गुंता टळतो, पण टीझर ताठ दोरीला चिकटून राहतो. अनुभवाने चार ते सहा इंचांचा मध्य स्थिरावला. फाट्याची दोरी जाड आणि ताठ घेतली की ती मुख्य दोरीपासून बाहेर उभी राहते. आमिषाची पिसे विरळ बांधून गळाचे टोक मोकळे ठेवणे हेही तितकेच आवश्यक. पिसांत झाकलेले टोक माशापर्यंत पोहोचतच नाही.

१८.
तिसरे कारण माणसाचा हात. धक्का जाणवताच जोराने झटका देण्याची सवय प्लगसाठी कधी चालून जाते. टीझरच्या बाबतीत ती घात करते. अर्धवट आत गेलेले आमिष झटक्याने बाहेर येते. जाणकार मच्छीमार एकाच संथ गतीने रीळ फिरवीत राहतो. माशाचे वजन काठीवर आले की मगच काठी मागे घेतो. मासा टीझर घेऊन वळला, तर मागे पाण्यात ओढला जाणारा प्लगच दोरीवर ताण आणतो आणि गळ रुततो. म्हणजे इथेही मासा काही अंशी स्वतःच्या ओढीनेच अडकतो. पॅसिफिकच्या गोल गळाने शिकवलेला धडा हाच होता.

१९.
तंत्र सुधारत होते आणि मासा संपत होता. अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बासची व्यापारी पकड १९७३ साली सुमारे दीड कोटी पौंड होती. १९८३ पर्यंत ती ३५ लाख पौंडांवर आली. मेरीलँड राज्य १९५४ पासून दरवर्षी चेसापीकमधील बासच्या पिल्लांची मोजणी करते. १९७० च्या भरघोस पिढीनंतर ते आकडे वर्षानुवर्षे खालावत गेले. मादी प्रजननक्षम होण्यास साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. अंडी घालण्याआधीच ती पकडली जाऊ लागली, की पुढची पिढी येणार कुठून? ‘अ‍ॅटम’ विकणारा बॉब पाँडच ‘स्ट्रायपर्स अनलिमिटेड’ ही संस्था काढून बास वाचवण्यासाठी झटू लागला.

२०.
१९८४ साली अमेरिकी संसदेने अटलांटिक स्ट्राइप्ड बास संवर्धन कायदा केला. १९८५ च्या प्रारंभी मेरीलँडने बासच्या पकडीवर संपूर्ण बंदी घातली. धोरण स्पष्ट होते: १९८२ साली जन्मलेल्या पिढीतील माद्यांना किमान एकदा तरी अंडी घालू द्यायची. १९८९ साली चेसापीकमध्ये पिल्लांचा आकडा पुन्हा उंचावला, १९९० पासून मर्यादित मासेमारी सुरू झाली आणि १९९५ साली बास सावरल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. सागरी संवर्धनाच्या इतिहासातले हे गाजलेले यश. पण कथा तिथे संपत नाही.

२१.
आकाराच्या नियमांमुळे आता बहुतेक बास पकडून परत सोडले जाऊ लागले. सोडलेला प्रत्येक मासा जगतो, असा अनेकांचा समज होता. व्यवस्थापनाच्या हिशेबात मात्र सोडलेल्यांपैकी सरासरी ९ टक्के मरतात असे धरले जाते. आकडा लहान दिसतो. सोडलेले मासे कोट्यवधी असतील तर तो लहान राहत नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या मूल्यमापनात बासची संख्या पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचे दिसले. २०१७ साली माणसामुळे मेलेल्या बासपैकी सुमारे ४८ टक्के बास हौशी मच्छीमारांनी पकडून सोडून दिल्यानंतर मेलेले होते. ते कोणाच्या ताटात गेले नव्हते.

२२.
इथे गोल गळ परत येतो. ‘जे’ गळावरचे खरे आमिष मासा खोल गिळतो. गळ घशात किंवा पोटात रुततो आणि सोडल्यावरही मासा मरतो. गोल गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो. पॅसिफिकमधील हॅलिबटच्या व्यापारी मासेमारीने १९८० च्या दशकातच तो स्वीकारला होता, तोही दयेपोटी नव्हे, तर त्याने जास्त मासे लागतात म्हणून! १ जानेवारी २०२१ पासून अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांत खरे आमिष लावून बास धरणाऱ्या हौशी मच्छीमारांना गोल गळ बंधनकारक झाला. शंख घासून गळ करणाऱ्यांचा आकार कायद्याच्या पुस्तकात आला.

२३.
टीझरला हा नियम लागू नाही, कारण कृत्रिम आमिष मासा सहसा खोल गिळत नाही. तरीही अनेक मच्छीमार आपणहून बदल करतात. प्लगचे तिहेरी गळ काढून एकेरी लावतात, उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतात. दाबलेल्या काट्याने गळ सहज रुततो आणि सहज निघतो. फक्त दोरी सैल पडू द्यायची नाही. कधी दोन मासे एकदम लागतात, एक प्लगला आणि एक टीझरला. ते विरुद्ध दिशांना ओढून दोरी तोडतात आणि तोंडात गळ घेऊनच निघून जातात. पूर्वी हा पराक्रम म्हणून सांगत. आता ते टाळण्यासाठी पुष्कळ जण मासे दाटीने आलेले दिसले की टीझर काढून ठेवतात.

२४.
गळाचा इतिहास हा मासा निसटू न देण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे, असे वरवर वाटते. काडी, वळण, काटा, यंत्र, नायलॉन, रासायनिक धार: प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता, किती मासे लागले? स्ट्राइप्ड बासने गेल्या चाळीस वर्षांत त्या प्रश्नाला दुसरा अर्धा जोडला: लागलेल्यांपैकी किती जगले? तीक्ष्ण गळ, योग्य लांबीचा फाटा आणि संयमी हात यांनी मासा ओठाशी नीट लागतो, लवकर किनाऱ्यावर येतो आणि लवकर परत पाण्यात जातो. ज्या गोष्टींनी मासा गळाला लागण्याचे प्रमाण वाढते, त्याच गोष्टींनी तो सुटल्यावर जगण्याची शक्यताही वाढते. हे ध्यानात यायला मात्र एक मासा संपण्याच्या काठावर जावा लागला.

#इतिहास #थ्रेड